झडती

एकतीस वर्षं मी कागद मोजला.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये. ताव आले
की बोट ओलं करायचं आणि मोजत सुटायचं.
मध्ये कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही,
आकडा सांडतो.

संध्याकाळी भोंगा झाला की रांग.
पडद्याआड फिलोमिना साळवे.
तिचे हात खांद्यांवरून, कमरेवरून,
निऱ्यांपासून पदराच्या टोकापर्यंत.
डब्यातली उरलेली पोळीसुद्धा उलटून बघायची.
मग म्हणायची, "जा."
कपटाही बाहेर न्यायचा नाही, असा नियम होता
आणि तो बरोबरच होता.

घरी मुलगा म्हणायचा,
आई, तुझ्याकडे तर कागदच कागद,
एक होडी कर ना.
मी म्हणायचे, हात दुखतात रे.
खरं सांगायचं तर एकटा, सुटा कागद हातात आला
की त्याचं काय करतात
मला ठाऊकच नव्हतं.

आता ठाऊक आहे.
ओरिगामी हा शब्द नातीचा.
मी आपली घड्या घालते.
पिंपळगावचे दीर द्राक्षं पाठवतात,
त्या पेटीतला जांभळा, पातळ कागद.
संपलेल्या महिन्याचं पान, एकादशी-चतुर्थीसकट.
औषधाच्या खोक्यातली मुंगीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी,
तिच्यावर नख फिरवलं की कड अशी बसते
जणू कागदाला आधीच माहीत होतं.

खैरनारांच्या नातीच्या बारशाला
पाळण्यावर अकरा चिमण्या टांगल्या.
बारावीची शेपटी फाटली, ती माझ्या खिडकीत राहते.
जेलरोडच्या साखरपुड्याला पाकीट केलं,
डिंक नाही, टाचणी नाही,
तरी आतला रुपया जागचा हलत नाही.
ओझरच्या भाच्याच्या वास्तुशांतीला
तळहातावर मावेल एवढं घर नेलं.
तो म्हणाला, आत्या, याचा हप्ता किती?

आणि तळमजल्यावरचा सुमेध,
दहावीला गणितात गेला.
नापास झाल्यावर कोण भेट देतं?
मी बेडूक नेला.
पाठीवर बोट दाबलं की उडी मारतो.
तो काही बोलला नाही. दार लावून घेतलं.
रात्री अकरापर्यंत जिन्यात ऐकू येत होतं,
टप.
टप.

परवा कळलं, फिलोमिना शरणपूरला मुलीकडे असते.
पंचाहत्तरी होती तिची.
मोतीबिंदू काढलेला, काळा चष्मा, गुडघ्यावर शाल.
बसमध्ये मांडीवर डबा धरून गेले,
डब्यात कमळ. एकाच कागदाचं.
चार वेळा कोपरे आत घ्यायचे
आणि मग एकेक पाकळी मागून पुढे ओढायची,
श्वास धरून. घाई केली की फाटतं.

तिनं ते हातात घेतलं. वजन पाहिलं.
चष्मा वर करून डोळ्यांशी नेलं
आणि उघडायला लागली.
पाकळी. पाकळी. कोपरा.
मुलगी ओरडली, अगं आई, काय करतेस!
मी म्हटलं, बघू दे.
सवय आहे तिला.

शेवटी मांडीवर एक चौकोन उरला,
रेघाच रेघा, आत काही नाही.
त्यावरून तिनं दोन्ही हात फिरवले,
सावकाश, पूर्वीसारखे.
जिथं जिथं माझं नख दाबून गेलं होतं
तिथं तिचं बोट थबकलं.
मग म्हणाली,
"जा."

दोघी हसलो. तिला ठसका लागला.

मी काही गेले नाही. चहा व्हायचा होता.
मुलीनं चिवड्याची पिशवी आणली, बशा शोधायला वळली,
तेवढ्यात फिलोमिनानं त्याच कागदावर मूठभर ओतला
आणि चारी कडा
बोटांनी जराशा वर वळवल्या,
सांडू नये म्हणून.