साठ पौंड

शनिवारी सकाळी शाळेचा शिपाई दुकानात आला,
म्हणाला, पंप द्या, पायाचा नको, उभा.
ओव्हाळबाईंनी मागितलाय. रॉकेट उडवायचंय.
मी म्हटलं, पंप एकटा कुठे जात नाही,
त्याचा वायसर म्हातारा झालाय, माझ्याच हाताचं ऐकतो.
शटर अर्धं ओढलं आणि गेलो
दत्तवाडीत, कालव्याकाठच्या महापालिका शाळेत.

मैदानात सतरंजी. सतरंजीवर
कापलेल्या बाटल्या, पुठ्ठ्याचे पंख, चिकटपट्टी,
एकाच्या कानाला वाळलेला फेव्हिकॉल.
टेंपोतून आलेली दोन पोरं, इंजिनिअर म्हणे,
त्यातला एक बल्बभोवती चेंडू फिरवून
अमावस्या दाखवत होता, भर सकाळी.
दुसरी खोक्याच्या भोकातून
सूर्य कागदावर पाडत होती.
‘एवढासा?’
‘इथं एवढासाच मावतो,’ ती म्हणाली.

निशिगंधा वैराट, सातवी ब.
हिला मी ओळखतो : ब्रेक नसलेली लेडीज सायकल,
दोन्ही चाकांत हवा, दोन रुपये उधार.
बाटलीवर तिने स्केचपेनने यानाचं नाव लिहिलेलं,
‘मम्मी-१’.
पोरं हसली. ती नाही.
तिची मम्मी बाणेरला बाराव्या मजल्यावर फरशी पुसते,
म्हणजे घरातलं सगळ्यात उंच गेलेलं माणूस तेच.

पहिल्यांदा नुसतंच फुस्स.
इंजिनिअर पोरगा मोबाईलमध्ये उत्तर शोधू लागला.
मी बुचाला कान लावला,
थुंकी लावली,
बुडबुडा आला. तिथंच होतं.
खिशात जुन्या ट्यूबचा तुकडा असतोच,
त्याची चकती कापून बसवली.
‘काका, किती भरायची?’
काटा बंद पडलेला. अंगठ्याने बाटली दाबत गेलो,
साठ पौंडाला म्हटलं, बास.

मग उलटे आकडे.
पाढे म्हणताना नसतो एवढा जोर.
सहानंतर एकाने थेट चार म्हटलं,
त्याला सगळ्यांनी पाचावर परत आणलं.
दोरी ओढली.

काय सांगू.
पाणी आमच्या अंगावर
आणि बाटली वर,
गुलमोहराच्या वर, टाकीच्या वर,
मी उभा होतो तिथून तरी पर्वतीच्या कळसाएवढी,
आणि तिथं ती थांबली,
घ्यावं की निघावं असं गिऱ्हाईक थांबतं तशी.

छत्तीस वर्षं हवा भरतोय.
सगळी आडवीच गेली.
स्वारगेट, डेक्कन,
फार तर कात्रजच्या घाटापर्यंत धापा टाकत.
माझी हवा उभी गेलेली
मी पहिल्यांदा बघत होतो,
तोंड उघडं, चष्म्यावर थेंब.

मम्मी-१ कालव्यात पडलं
आणि हडपसरकडे निघालं, सावकाश, पंख वर करून.
निशिगंधा कुंपणाच्या जाळीपर्यंत धावली.
मला वाटलं, रडेल.
परत आली तेव्हा हातात पेन, तळहातावर लिहायच्या तयारीत :
‘पाणी किती होतं? हवा किती?
पाणी कमी केलं तर अजून वर जाईल का?’
पोरगा म्हणाला, करून बघू.
बाई म्हणाल्या, आधी डबा खा.
मी पुढची बाटली पायांत धरली.

रात्री वही काढली.
वैराट : हवा, साठ पौंड.
रुपयांचा रकाना कोरा सोडला.
मागचे दोन रुपये मात्र खोडले नाहीत,
नाहीतर
ती दुकानात कशाला येईल.