पहाटे चारचं रीडिंग

उलव्यात, खाडीच्या अंगाला,
एका पाइलवर साडेतीनशे टन ठेवलेत.
काँक्रीटचे ठोकळे, एकावर एक.
लांबून देवळाचं काम वाटावं.

चार डायल गेज. वही. टॉर्च.
रेफरन्स बीमजवळ कुणी चालायचं नाही,
पोशाकाकांना मी तीनदा सांगितलंय.
ते लांबूनच विचारतात, "किती गेला?"
"चार पूर्णांक एकवीस मिलिमीटर."
"म्हंजे?"
मी दोन नाणी एकावर एक धरून दाखवते.

ते हसतात. इथंच त्यांचं मिठागर होतं,
पाय मांडीपर्यंत जायचा,
निघाला तर चप्पल आतच.
"मग खाली लागलं काय?"
"काळा कातळ. बावीस मीटरवर."
"एवढ्या खाली कुणी पाय टाकून पाहिलाच नाही."

सकाळी भार उतरवू, टप्प्याटप्प्यानं.
पाइल थोडा वर येईल. सगळा नाही.
जेवढा येणार नाही
तो आकडा रिपोर्टात वेगळ्या रकान्यात.

मारलेल्या डासाचा डाग तीनच्या रीडिंगवर.
चार वाजले.
सुई हलली, की माझा हात?
काका श्वास धरून उभे,
पंचवीस पावलांवर.