ठिपका

उरांगूनं शहरातून आणलेला पट्टा
अबलख घोडीच्या गळ्यात बांधला,
तेव्हापासून घोड्या दोन झाल्या :
एक कुरणात, एक फोनमध्ये.
फोनमधली खिंकाळत नाही,
पण हाकेविना सापडते.

पूर्वी हे टेकडीवर चढून वाऱ्याला विचारायचे.
आता फोनला विचारतात.
फोनला रेंज लागते,
म्हणून टेकडी तीच.

यंदाच्या बर्फात ठिपका तीन दिवस हलला नाही.
उलानबातरहून पोर विचारी,
आई, लांडगे असतील का?
तिच्या खिडकीतून कोळशाचा धूर दिसतो
आणि आमची घोडी.

हे मोटरसायकल काढून निघाले. सोबत सुरी.
ठिपक्याच्या जागी खडक होता,
खडकाला मान घासून टाकून दिलेला पट्टा,
बर्फात पडून
आकाशाला इमानानं पत्ता सांगत राहिलेला.
खूर उत्तरेला गेलेले.
यांनी माग काढला नाही.
का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पोरीचा फोन :
"आई, उठली गं! घरी येतेय!"
रडत होती.
मी तंबूच्या दारात आले.
लांबून मोटरसायकल येत होती,
इतकी सावकाश,
अगदी घोडीच्या चालीनं.
मी म्हटलं, हो, दिसतेय.

पट्टा आता चुलीमागच्या खुंटीवर असतो.
रोज सकाळी हे तो डगल्यात घालून
ओढ्यापर्यंत जाऊन येतात.
घोडीला तहान तर लागणारच.