रिकामं वजन

पहाटे साडेपाच. बक्स्टनच्या वरच्या खाणीत अजून दिवे.
पाण्याचा टँकर फिरून गेला तरी
काचेवर पिठासारखी चुनखडी.
मी खिडकीत. खाली जमिनीत बसवलेला काटा,
अठरा मीटर लांब, आणि पडद्यावर हिरवे आकडे
वीस-वीसने चढतात, वीस-वीसने उतरतात.
आमच्याकडे नाजूक प्रकृतीला तोळामासा म्हणतात.
इथे तोळा दिसत नाही, मासाही नाही.
वीस किलोच्या आत माणसाचं काय होतं
ते या यंत्राला कळत नाही.

आधी गाडी रिकामी चढते.
मग हौदा भरून परत येते.
दोन्हींमधली वजाबाकी म्हणजे माल.
बिल त्याचंच होतं.
ड्रायव्हर दोन्ही वेळा आत असतो,
म्हणून कुठेच धरला जात नाही.

आमचं जग पन्नास मैलांचं.
जाड खडी मॅकल्सफील्डला, कच लीकला,
भरावाचे दगड स्टॉकपोर्टला.
त्यापुढे न्यायचं म्हटलं तर
दगडापेक्षा डिझेल महाग.
मंगळवारी लो-लोडरवरून पोकलेन जातं,
साखळदंडांनी आवळलेलं, मान खाली घालून,
आणि पुलाखालून जाताना
खाणीतला प्रत्येक जण फोनपाशी असतो.

क्लाइव्ह ऑलरेनशॉ. आठ चाकी, गाडी नंबर सतरा.
एकोणीस वर्षं दिवसाची पहिली खेप त्याची.
"काय गं बदके, किती भरलो?"
इकडे बायकांना मायेने बदकच म्हणतात.
पहिल्या वर्षी मी रागावले होते.
सतरा नंबरचं रिकामं वजन मला पाठ:
बारा हजार सहाशे चाळीस,
टाकी भरून,
थर्मास धरून,
क्लाइव्ह धरून.

ऑक्टोबरात सहाशे वीस आलं.
मी तक्रार केली. तपासनीस आला,
लोखंडी वजनं मांडून बघितली. काटा बरोबर.
क्लाइव्ह म्हणाला, पान्यांची पेटी घरी काढून ठेवली.
नाताळनंतर सहाशे.
म्हणाला, हौदा पातळ झालाय,
एवढा दगड घासून गेल्यावर होणारच.
पट्ट्याला त्याने नवं भोक पाडलं होतं,
खिळ्याने पाडलेलं, थोडं तिरकं.

मिरजेला वडिलांचं धान्याचं दुकान होतं.
तागडी कलती वाटली की एका पारड्याला
ते चिंचोका बांधत. पासंग म्हणत त्याला.
दुसऱ्या दिवशी क्लाइव्हच्या चहात
मी न विचारता दोन चमचे साखर जास्त घातली.
तो प्यायला. तोंड वाकडं केलं.
पण प्यायला.

मार्चमध्ये स्टॉकपोर्टला एका हॉस्पिटलची ऑर्डर होती,
गाड्या लावायच्या मैदानासाठी खडी.
क्लाइव्हच्या चौदा खेपा.
पंधराव्यांदा तो आपल्या छोट्या गाडीने गेला,
स्वतःच ओतलेल्या खडीवर गाडी लावून आत.
हे मला वोयचेखने सांगितलं,
हौद्यावरची ताडपत्री ओढता ओढता,
माझ्याकडे न बघता.
त्या दिवशी मी एक पावती चुकीची छापली.

आज सतरा नंबरवर नवी मुलगी, ब्रायनी.
सीट पुढे ओढलेली, आरशांचे कोन बदललेले.
थर्मास जुनाच. म्हणाली, गाडीतच होता,
टाकवेना.
काट्यावर चढली. यंत्राने विचारलं,
जुनं वजन पुसून नवं घालू का?
आकडा सहाशे आणि सहाशे वीसच्या मध्ये
थरथरत राहिला. मी बोट उचलून धरलं.

तिने काच खाली केली.
"माझं काही चुकतंय का?"
"नाही गं बदके," मी म्हटलं,
"वारा आहे. इंजिन बंद कर जरा."

मागे चार गाड्या.
कुणीच हॉर्न दिला नाही.