पत्रक क्रमांक सात

साखर पेठेतली बालवाडी म्हणजे
बंद पडलेल्या कारखान्याची एक खोली.
शहाबादी फरशी, दोन फुटांना एक दगड,
म्हणून अंतर मोजायला टेप लागली नाही.
मूल माणसापासून किती फरशा गेलं, एवढंच लिहायचं.
दर पंधरा सेकंदांनी एक खूण.
जवळ जाते. लांब जाते. वळून बघते. हाक मारते.
भिंतीपलीकडे शेजारचे माग चालू,
खडखडीत माझाच आवाज मला ऐकू येईना.

जुनेद बहिणीची ओढणी धरून.
बहीण नऊ वर्षांची, अजून लंगडी खेळायच्या वयाची.
पाऊण तास तो अर्ध्या फरशीपलीकडे गेला नाही.
तिनं एकदा हळूच ओढणी सोडवून पाहिली,
मग परत बांधून दिली, त्याच्याच मनगटाला.

उंबऱ्यात अंबूबाई येलदी. मांडीवर सूप,
सुपात पानं. बोटं न बघता वळतायत,
दुपारपर्यंत चारशे विड्या व्हायच्यात.
लेक सुपाच्या काठापर्यंत येतो, हात पसरतो,
"हं" म्हटलं की मागं सरकतो, पुन्हा येतो.
हे जवळ जाणं की लांब जाणं?
मी दोन्हींत खूण केली.

सात नंबर. हासिनी म्याकल, वय साडेतीन.
सोबत आजोबा, नरसय्या. छत्तीस वर्षं माग चालवला.

ती निघाली ती सरळ सहा फरशा,
कोपऱ्यातल्या खोक्यापाशी.
रिकाम्या कांड्यांची रांग लावली, मोडली,
एक कांडी कानाला लावून पाहिली.
मग खिडकी. मग खिडकीबाहेरची शेळी.
एकदाही हाक नाही.
ठरल्याप्रमाणे आजोबा तीन मिनिटं बाहेर गेले.
रडली नाही. दाराकडे पाहिलं,
हातातली कांडी खाली ठेवली
आणि परत उचलली नाही.
ते आले तेव्हा धावली नाही.
मी लिहिलं: उदासीन. खाली रेघ ओढली.

बोल्लीबाई चहा घेऊन आल्या, कागदात डोकावल्या.
"अहो, त्यांना ऐकू येत नाही की.
मागावरच गेले त्यांचे कान.
मग ही कशाला ओरडंल?"

तेव्हा कुठं मी पायांकडे बघायला लागले.
भिंतीला लागून लांबलचक फळी, बाक म्हणून टाकलेली,
एका टोकाला आजोबा.
ती खेळता खेळता येते,
दुसऱ्या टोकावर चढून टाच आपटते, दोनदा,
आणि ते मान वळवेपर्यंत थांबते.
वळवली की पुन्हा शेळी.
तासाभरात एकोणीस वेळा.
माझ्या कागदावर त्याआधीच्या सगळ्यांना नाव होतं
"निरुद्देश हालचाल".

अकरा बेचाळीसला लाईट गेली.
शेजारचे माग एकदम थांबले,
इतकं गप्प झालं की अंबूबाईंच्या बोटांतलं
पान ऐकू आलं.
पोरं सगळी एका क्षणात आपापल्या माणसाकडे,
जुनेद ओढणीसकट बहिणीच्या मांडीत.
हासिनीही वळली.
आजोबा तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात, समोर बघत.
त्यांच्याकडे काहीच थांबलं नव्हतं.

ती सहा फरशा चालत आली.
टाच आपटली नाही.
त्यांचा हात उचलला आणि पाठीमागच्या भिंतीला टेकवला,
जिथं एरवी थरथर असते तिथं.
ते थोडा वेळ भिंत चाचपत राहिले,
मग हसले. कळलं.
ती त्यांच्याजवळ बसून राहिली, शेळी सोडून.

पत्रकावर छापलेलं असतं: मुलाचं नाव.
त्याखाली: आधार देणारी व्यक्ती.
मी वेळ लिहिली.
कुठल्या ओळीत कोण, हे ठरेना,
पेन तसंच धरून बसले,
माग पुन्हा सुरू होईपर्यंत.