अख्खं क्रियापद

कुडचड्याला, सायकलवाल्याच्या वर
बावीस पायऱ्या चढलं की स्पॅनिश.
पाच पोरं आणि मी.
मी म्हणजे सगुण, बार्जचा इंजिन-ड्रायव्हर.
खाण बंद म्हणून बार्ज बंद;
तिच्या सावलीत आता लोक कुर्ल्या पकडतात.
एजंट म्हणाला, क्रूझवर जागा आहे,
चार वाक्यं तरी यायला हवीत.

इर्मेलिंदा टीचर फळ्यावर लिहितात: आब्लार. बोलणे.
"वर्तमानात आपण ह्याची शेपटी तोडली होती.
आता काही तोडायचं नाही.
अख्खं ठेवा, मागून ईया जोडा."
आब्लारीया. कोमेरीया. बिबिरीया.
बोललो असतो, जेवलो असतो, राहिलो असतो,
मी वहीत उतरवतो, तर म्हणतात,
"असं हात झटकून नको हो. वेळ गेलेली नाही अजून.
गेलेल्या वेळेला वेगळं रूप आहे, ते नंतर."

ई वर तिरकी रेघ.
ती विसरलं की खडू आपटतात.
त्यांच्या आईच्या पोर्तुगीजमध्येही हीच शेपटी होती म्हणे,
पण आई तिच्यात फक्त साखर मागायची,
पाहुण्यांसमोर.

"मी, तो, ती. तिघांना एकच रूप."
मागच्या बाकावरचा रॉयस्टन विचारतो,
मग कोण ते कळणार कसं?
"आजूबाजूला बघून."

गृहपाठ, पाच वाक्यं.
आणि जर?
"जर पुढच्या महिन्यात. त्याला आणखी एक रूप लागतं, कठीण आहे.
सध्या नुसतं तर."

रात्री शेवंती बांगडे साफ करत होती.
म्हटलं, एखादं तर सांग.
तिनं सुरी धुतली.
"दुकान उघडलं असतं," म्हणाली
आणि नळ बंद करून आत गेली.
जर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही,
मला कुठे येतो अजून.

आब्रिरीया ऊना त्येंदा.
टीचरनी रेघ तेवढी दुरुस्त केली,
चष्म्यावरून बघितलं:
"वा, सगुणबाब! कसलं दुकान?"

पोरं माझ्याकडे वळली.
खाली सायकलवाला चाक उलटं धरून
नुसतंच फिरवत होता.
चोवीस वर्षं झाली लग्नाला,
आणि काय विकलं असतं तिनं,
तांदूळ, की दोरे, की उदबत्त्या...

विचारून सांगतो, म्हटलं.