वेळेचा रकाना

मी फक्त वेळा लिहिते.
कार्डिफच्या मोठ्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
लाँड्रीची वाफ दिसते अशा खिडकीशी.
जखमी माणसं माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा
त्यांना रक्त नसतं, नाव नसतं, आकडे असतात.

सहा चाळीस. मेंढ्यांच्या उतारावर चारचाकी बाईक उलटली.
सहा पंचावन्न. कुत्रा एकटाच घरी आला.
हे फॉर्मवर नव्हतं, मला नंतर कळलं.
सहा एकोणसाठ, फोन.
सात सव्वीस, रुग्णवाहिका.
नेरिसने नाडी मोजली, कमरेभोवती पट्टा आवळला,
खिशातून कार्ड काढलं.
कार्डावर चार प्रश्न.
दुसऱ्यालाच उत्तर आलं : हो.
पलीकडून एक शांत आवाज म्हणाला,
सरळ दक्षिणेला या, मधे थांबू नका.

सात बावन्नला खोऱ्यातलं गाव लागलं.
"इथंच! अहो, इथंच वळा!" एलुनेद ओरडली.
ती स्वतः तिथे जन्मलेली,
तिच्या दोन्ही मुली तिथल्याच,
पार्किंगचं यंत्र सुटे पैसे गिळतं हेही तिला ठाऊक.
लाल अक्षरांची पाटी काचेवरून सरकली
आणि मागे पडली.
नेरिसने तिचा हात धरला. गाडी वळली नाही.

अकरा वर्षांपूर्वी वळली होती.
आत तिचा भाऊ होता, मायरिग.
जवळचं ते बरं, इतका साधा हिशेब.
सगळे मनापासून झटले.
स्कॅनवाला घरून निघाला, वाटेत धुकं.
सर्जन दुसऱ्या कुणाच्या पोटात हात घालून उभे.
तीन इस्पितळांना फोन : खाट आहे का?
बघतो. कळवतो. साहेबांना विचारतो.
रक्ताच्या चार पिशव्या, पाचवी टॅक्सीतून.
पहाटे हलवायचं ठरलं तेव्हा
हलवायला कुणी उरलं नव्हतं.

चौकशी झाली.
कुणीच चुकलं नव्हतं.
जो तो आपापल्या जागी बरोबर होता,
आणि त्या जागांच्या मधे
तो गेला.

आठ चौतीस, आमचं दार.
गेथिन आत आला तेव्हा बारा जण आधीच उभे होते,
एप्रनवर चिकटपट्टीने आपापली नावं लावून.
रक्त कोमट झालेलं. लिफ्ट रोखून धरलेली.
कुणी धावत नव्हतं.
आठ अठ्ठावन्न, टेबलावर.

वेळ आली होती पण काळ आला नव्हता,
असं म्हणून माणसं हात जोडतात.
मी वेळ आणि काळ यांच्यामधली मिनिटं मोजते.
ती आभाळातून पडत नाहीत.
कधीतरी, थंड कॉफी पीत, भांडत,
कुणाच्या इस्पितळाचा मान जाईल यावर रुसत,
काही माणसांनी एका टेबलाशी बसून
नकाशावरची रेघ बोटभर सरकवलेली असते.
त्यांच्यासमोर जुने कागद असतात.
मी पाहिलाय त्यातला एक.
ओळ छत्तीस. पुरुष, वय एकोणतीस, मोटारसायकल.
वेळ : माहीत नाही.
वेळ : माहीत नाही.
सात रकाने, सातही तसेच.

सहा महिन्यांनी मला फोन करावा लागतो.
बुटाची नाडी बांधता येते का? कामावर परतले का?
एलुनेद म्हणाली, डावा पाय आखूड झालाय,
डोंगरावर आता धाकटी जाते,
रात्री उठून बसतो, कारण नसताना चिडतो,
याला तुमच्याकडे रकाना आहे का?
नाही, म्हटलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
नंतर हळूच,
"हे सगळं तेव्हा कुठे होतं हो?"

ओळ छत्तीस माझ्या ओठांवर आली.
पण ती तोच असेल कशावरून.
आणि असला, तरी हे
कुठल्या तोंडाने सांगायचं बहिणीला?

मी म्हटलं, बाई, एक प्रश्न राहिलाय.
जिना चढतात का?

"चढतो," ती म्हणाली.
"दर पायरीला शिव्या घालत."